भूतानची पावती, अमेरिकेचे घर

२०२५ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. अमेरिकेची वर्णने मराठीत पुष्कळ झाली आहेत. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, आकाशाला टेकलेल्या इमारती. ते सर्व आम्हीही पाहिले. पण त्याविषयी लिहिण्याचा विचार नाही. ओहायो राज्यातील ॲक्रन नावाच्या जुन्या कारखानदारी शहरात आम्ही दोन रात्री एका भूतानी निर्वासित कुटुंबाच्या घरी काढल्या. त्या मुक्कामाची ही हकिकत आहे.

आमचा मुलगा कोलंबस शहरात संगणकाच्या कंपनीत कामाला आहे. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा एक तरुण दुपारी डब्यात डाळभात आणतो आणि जुनी हिंदी गाणी गुणगुणतो. मुलाला वाटले, नेपाळी असेल. विचारले तर तो म्हणाला, "आम्ही भूतानी. जन्म नेपाळातल्या छावणीतला, नागरिकत्व अमेरिकेचे. भूतान मी अजून पाहिलेला नाही." अशा ओळखीतून तो घरी येऊ लागला. आम्ही नागपूरला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये टायर खात्यात ३१ वर्षे काढली, हे ऐकल्यावर तर त्याने हट्टच धरला. "बाबूजी, मग आमच्या गावाला आलेच पाहिजे. ॲक्रन म्हणजे टायरची राजधानी."

कोलंबसहून ॲक्रन सुमारे २०० किलोमीटर. मोटारीने दोन तास. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आपल्या विदर्भातल्यासारखेच. फक्त शेतात माणूस दिसत नाही. शहर जवळ आले तसा आमचा ऊर उगाचच भरून आला. गुडरिच कंपनी इथे १८७० साली आली, गुडइयर १८९८ साली निघाली, फायरस्टोन १९०० साली. ज्या नावांच्या टायरांची पंक्चरे काढण्यात आयुष्य गेले, त्यांचे हे माहेर! पण माहेरी आता कोणी राहत नाही. गुडइयरची मुख्य कचेरी आहे, परंतु मोटारींचे साधे टायर या गावात तयार होणे चाळीसएक वर्षांपूर्वीच थांबले. १९६० साली इथे २ लाख ९० हजार माणसे होती, २०२० च्या शिरगणतीत १ लाख ९० हजार. गिरणी संपानंतरचे परळ-लालबाग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जास्त सांगायला नको. चिमण्या उभ्या, धूर नाही.

शहराच्या मध्यभागातून एका खोल दरीवरचा लांब पूल ओलांडला की नॉर्थ हिल नावाची वस्ती लागते. पूर्वी ही इटालियन कामगारांची वस्ती होती. कारखाने बसले, पोरे दुसरीकडे गेली, म्हातारी माणसे वारली आणि लाकडी घरे ओस पडली. त्या ओस घरांत २००८ नंतर भूतानची माणसे येऊ लागली. आता तिथे नेपाळी अक्षरांतल्या पाट्या आहेत, मोमोची हॉटेले आहेत, किराणा दुकानात गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी मिळते. अंगणातल्या हिरवळीच्या जागी मोहरीचा पाला, भोपळ्याचे वेल आणि गोल लाल मिरच्यांची रोपे. डोक्यावर ढाका टोपी, अंगात जाड कोट आणि पायात खेळाचे बूट अशी म्हातारी माणसे फुटपाथवरून हात मागे बांधून सावकाश चालतात.

त्या तरुणाच्या घरात तीन पिढ्या आहेत. ८१ वर्षांचे आजोबा, आजी, वडील, आई, तो आणि त्याची नर्सिंग झालेली बहीण. आजोबांना सगळे 'बाजे' म्हणतात, म्हणून आम्हीही बाजे म्हणू लागलो. त्यांनी आम्हाला 'दाजु' केले, आणि मुलाच्या आईला 'भाउजू'. दाजु म्हणजे थोरला भाऊ, भाउजू म्हणजे वहिनी. वयाने ते आमच्याहून चांगले मोठे, पण पाहुण्याला मान देण्याची ती रीत असावी. त्यांची हिंदी मोडकी, आमचीही नागपुरी. जमून गेले.

पहिल्या रात्री जेवणे झाल्यावर बाजेंनी पलंगाखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. पांढरी, जाड, तिच्यावर निळी अक्षरे. छावणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला विमानात बसवताना ही पिशवी मिळत असे. आय.ओ.एम. या स्थलांतराचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ती पिशवी. तिच्यात सगळी कागदपत्रे. ती हातातून सोडायची नाही, अशी ताकीद असे. पंधरा वर्षे झाली, बाजेंनी ती अजून सोडलेली नाही. तिच्यातून त्यांनी घडीवर विरलेला एक कागद काढला. जमिनीचा सारा भरल्याची १९५७ सालची पावती. त्यांच्या वडिलांच्या नावची. मग दुसरी काढली. ती १९५९ सालची.

"आणि अठ्ठावन्न?" आम्ही विचारले.

"तीच नाही," बाजे म्हणाले. "तीच नाही म्हणून मी इथे आहे."

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. भूतानच्या दक्षिणेला, आसाम-बंगालला लागून असलेल्या डोंगरउतारावर नेपाळी बोलणारे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वस्ती करून होते. जंगल तोडून त्यांनी संत्री, वेलदोडा, भात पिकवला. त्यांना ल्होत्शांपा, म्हणजे दक्षिणेकडचे, म्हणतात. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले. पुढे १९७५ साली शेजारचे सिक्कीम भारतात आले, दार्जिलिंगकडे गोरखालँडचे आंदोलन पेटले आणि भूतानच्या राजसत्तेला या लोकांच्या संख्येची धास्ती वाटू लागली. १९८५ साली नवा कायदा झाला, १९८८ साली दक्षिणेत शिरगणती झाली. १९५८ साली तुम्ही देशात होता याचा कागद दाखवा, असा हुकूम. सत्तावनचा चालत नाही, एकोणसाठचा चालत नाही. लोकांची एफ-१ ते एफ-७ अशी सात वर्गांत वाटणी झाली. एकाच घरात नवरा एका वर्गात, बायको दुसऱ्या. शाळांतून नेपाळी भाषा गेली, सर्वांनी उत्तरेकडचा पोशाख करावा अशी सक्ती झाली. १९९० साली मोर्चे निघाले, आणि मग अटका, मारहाण, घरांची मोडतोड. पुष्कळांकडून 'स्वखुशीने देश सोडीत आहे' अशा फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या. फोटो काढताना हसायला लावले, असे त्या लोकांनी नंतर सांगितले. बाजेही तेच सांगतात. भूतान सरकारचे म्हणणे मात्र असे की हे बेकायदा घुसलेले किंवा आपणहून गेलेले लोक आहेत.

नकाशा काढून पाहिला तर लक्षात येईल की भूतान आणि नेपाळ यांची हद्द कोठेच लागत नाही. मध्ये आपला देश आहे. भूतानमधून बाहेर पडलेली माणसे आसाम-बंगालात आली, आणि तिथून ट्रकांत भरून मेची नदीपलीकडे नेपाळात पोचवली गेली. परत भूतानकडे जाऊ म्हणणाऱ्यांना मात्र आपल्याच पोलिसांनी पुलावर अडवले. २००७ च्या मे महिन्यात त्या मेची पुलावर गोळीबारही झाला. शरणार्थ्यांविषयी बोलताना आपण नेहमी दुसऱ्या देशांची नावे घेतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

नेपाळच्या झापा जिल्ह्यात माई नदीच्या वाळवंटात ही माणसे आधी उघड्यावर पडली. हगवण आणि तापाने लहान मुले पटापट गेली. बाजेंची एक मुलगी त्यात गेली. तिचे वय त्यांनी बोटांनी दाखवले, चार. पुढे संयुक्त राष्ट्रांनी छावण्या उभारल्या. बेलडांगी, गोलधाप, तिमाई, खुदुनाबारी आणि पलीकडच्या मोरंग जिल्ह्यातली शनिश्चरे. बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या, वर गवत नाहीतर प्लॅस्टिक. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साखर मोजून मिळे. बाहेर कामाला जाण्यास कायद्याने बंदी. एक लाखाहून अधिक माणसे अशी जवळजवळ वीस वर्षे बसून राहिली. नेपाळ आणि भूतान यांच्या मंत्र्यांच्या बैठकांवर बैठका झाल्या, पंधराच्या वर. परत मात्र एकही माणूस गेला नाही. २००७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि ब्रिटन या आठ देशांकडे लोकांना पाठवण्याचे काम सुरू झाले. पुढल्या दहा वर्षांत १ लाख १३ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतली ९० हजारांहून जास्त एकट्या अमेरिकेत.

"तुम्ही खुशीने निघालात का?" असे मुलाच्या आईने आजीला विचारले. आजी म्हणाली, "पोरगा म्हणाला, नातवंडांसाठी चला. मग पोटऱ्यांत गोळे आले तरी चढलो विमानात." बाजे तीन वर्षे नाही म्हणत होते. त्यांना वाटे, अमेरिकेला गेलो की भूतानचा दावा संपला. छावणीत त्या वेळी यावरून भांडणे, मारामाऱ्या झाल्या. जाणारा फितूर आणि राहणारा खुळा, असे एकमेकांना म्हणत. शेवटी २०१० च्या नोव्हेंबरात हे कुटुंब निघाले. आधी तीन दिवसांचा वर्ग झाला. विमानात पट्टा कसा बांधावा, संडासचे पाणी कसे सोडावे, गॅस कसा लावावा, पोलिसाशी कसे बोलावे. बर्फाचे चित्र दाखवले होते. "चित्रात थंडी वाजत नाही," बाजे म्हणाले.

अमेरिकेत उतरल्यावर पुनर्वसन संस्थेचा माणूस घ्यायला आला. घर भाड्याने घेऊन ठेवले होते, फ्रिजमध्ये कोंबडी, दूध, पाव. पुनर्वसन संस्थेची मदत पहिल्या तीन महिन्यांची; पुढे बहुतेक ज्याने त्याने पाहावे. विमानाचे तिकीटसुद्धा फुकट नव्हते. ते बिनव्याजी कर्ज असते आणि सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. माणूस अजून बस कोणत्या बाजूने येते ते शिकतो आहे, आणि हातात सहा माणसांच्या तिकिटांचे बिल.

तरुणाचे वडील छावणीच्या शाळेत गणित शिकवीत. तिथली शाळा इंग्रजीतून चाले, म्हणून त्यांना इंग्रजी येते. पण ते इंग्रजी इथल्या माणसाला कळेना आणि इथले त्यांना. शिक्षकाची सनद इथे कागदाचा तुकडा. त्यांना पहिली नोकरी मिळाली ती गोदामात खोकी भरण्याची, रात्रपाळीची, घरापासून तासाभरावर. एका जुन्या गाडीत पाच जण जात आणि पेट्रोल वाटून घेत. बायको हॉटेलातल्या खोल्या साफ करायला दिवसपाळीला. नवरा-बायकोची भेट जिन्यात. पोरगा चौदा वर्षांचा, पोरगी अकराची. त्यांना शाळेत घातले आणि घरात राहिले दोन म्हातारे, कुलपाआड.

त्या पहिल्या हिवाळ्याची हकिकत बाजे स्वतः सांगत नाहीत, आजी सांगते. फोडणी दिली की छतावरचे यंत्र किंचाळायचे, म्हणून तिने चार दिवस भाजी नुसती उकडून केली. दारावर कोणी ठोठावले तर दोघे पलंगामागे जाऊन बसत, छावणीची सवय. एकदा बाजे चालायला म्हणून बाहेर पडले, आणि सगळी घरे सारखीच दिसू लागली. खिशात पत्त्याची चिठ्ठी होती, पण दाखवायची कोणाला? तीन तास ते बर्फात फिरत राहिले. त्यानंतर वसंत येईपर्यंत ते उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. खुर्ची खिडकीशी लावायची आणि पाहत बसायचे. "शेतकरी माणूस," आजी म्हणाली, "त्याला खिडकी कशाला?"

मुलांचे वेगळेच. दवाखाना, वीज कंपनी, घरमालक, सगळीकडे दुभाषी म्हणून मुलांनाच नेत. अकरा वर्षांच्या नातीने आजीच्या अंगावर जाण्याचा त्रास डॉक्टरला इंग्रजीतून सांगितला. आजी शरमेने अर्धेच बोलली, नातीला अर्धेच कळले, आणि डॉक्टरने त्याच्या अर्ध्यावर औषध दिले. आज ती नात नर्स आहे. ती म्हणाली, "मी नर्स झाले ती त्या दिवसामुळेच." मोठ्यांची सत्ता मुलांच्या हाती गेली की घराचा तोल कसा जातो, हे आपल्याकडे झोपडपट्टीतून पहिली पिढी शिकली तेव्हा आपणही थोडे पाहिले आहे. बाप अंगठा करतो आणि पोरगा अर्ज वाचून दाखवतो. पण आपल्या बापाला निदान बाहेर पडून चहाच्या टपरीवर मन मोकळे करता येत होते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती गृहिणींनी ध्यानात घेण्यासारखी आहे. भूतानी लोकांत बी-१२ या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता निघाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ साली तसे प्रसिद्धही केले. वर्षानुवर्षे रेशनचा तांदूळ, डाळ आणि तेल. दूध, अंडी, मांस नावालाच. हातापायांना मुंग्या, अशक्तपणा, विसराळूपणा. लोक म्हणत, म्हातारपण आले. आजीची सुई चालू केली तेव्हा तिचे पाय जमिनीवर लागले.

याहून वाईट आकडा त्याच केंद्राने पुढे दिला. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत अमेरिकेतील भूतानी निर्वासितांपैकी १६ जणांनी आत्महत्या केली. लाखाला वर्षाकाठी २४.४ असे प्रमाण पडले. अमेरिकेचे सर्वसाधारण प्रमाण १२.४ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वीस वर्षे उपासमारीत आणि बंदीत जी माणसे जगली, ती पोटभर अन्न मिळाल्यावर का मरावीत? बाजेंना आम्ही हे विचारायला नको होते, पण विचारले. त्यांच्या ओळखीचा एक गृहस्थ त्यांत होता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "छावणीत सगळेच बेकार होते, दाजु. इथे मी एकटाच बेकार."

आता वस्तीतल्या मंडळींनी म्हाताऱ्यांसाठी दिवसभर बसण्याची केंद्रे काढली आहेत. गाडी येऊन नेते, भजन होते, पत्ते होतात, जेवण होते. बाजे आठवड्यातून तीनदा जातात. आणि अंगण आहेच. त्यांच्या मिरच्या पाहण्यासारख्या आहेत.

पण पावतीचे प्रकरण अमेरिकेतही संपले नाही. कामधंदा करू न शकणाऱ्या वृद्ध निर्वासिताला सरकार दरमहा काही पैसे देते, ते नागरिक नसेल तर सात वर्षेच. सात वर्षांत नागरिक व्हायचे, नाहीतर पैसे बंद. नागरिक होण्यासाठी पाच वर्षांनी परीक्षा. इंग्रजीतून एक वाक्य वाचायचे, एक लिहायचे, आणि अमेरिकेच्या इतिहास-राज्यकारभाराचे प्रश्न. तेव्हा यादी १०० प्रश्नांची होती, दहापर्यंत विचारीत, सहा बरोबर यावे लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना यादी १२८ ची आहे, वीसपर्यंत प्रश्न आणि बारा बरोबर. जो माणूस कोणत्याच भाषेत शाळेत गेला नाही, त्याने सत्तरीत हे करायचे. आजीला डॉक्टरच्या दाखल्यावर इंग्रजीची माफी मिळाली. बाजेंचा दाखला नामंजूर झाला. दोनदा परीक्षेत नापास झाले आणि २०१७ च्या हिवाळ्यात पैसे बंद पडले. नात रोज संध्याकाळी त्यांना पाटीवर अक्षरे काढायला लावी. तिसऱ्या वेळी पास झाले. कोणते वाक्य लिहिले ते त्यांना अजून पाठ आहे; हवेत बोट फिरवून त्यांनी आम्हाला ते लिहून दाखवले. एक अक्षर उलटे होते की काय कोण जाणे, आम्हालाही इंग्रजी लिपीत हवेतले वाचता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. आम्ही हॉलमध्ये बसलो असताना बाजेंनी सहज विचारले, "दाजु, तुमचे थर काय?" थर म्हणजे आडनाव, कूळ. आम्हाला प्रश्न कळला. अमेरिकेत असो की इंदोऱ्यात, तो प्रश्न आम्हाला भाषा न येताही कळतो. आम्ही सांगितले की आम्ही बौद्ध आहोत, बाबासाहेब आंबेडकरांची माणसे. आमच्या आजोबांना गावात शिवत नसत. बाजे 'हं' म्हणाले. आजीने स्वयंपाकघरातून पाहिले. आदल्या रात्री तिने आम्हाला चुलीशेजारी बसवून वाढले होते. तरुणाचा चेहरा लाल झाला.

थोड्या वेळाने त्याचा छावणीतला एक मित्र आला. बालपणापासूनचा, एका बाकावरचा. तो मित्र आत आला नाही, पायरीवर बसला. त्याला चहा तिथेच आला. तो दमाई, म्हणजे शिंपीकाम आणि वाजंत्रीचे काम करणाऱ्या जातीचा. नेपाळी समाजात दमाई, कामी, सार्की ही अस्पृश्य गणलेली मंडळी. छावणीच्या नळावर त्यांची घागर दुसऱ्याच्या घागरीला लागली तर पाणी ओतून द्यावे लागे, असे तो सांगत होता. ॲक्रनला आल्यावर आपल्याच माणसाचे रिकामे घर भाड्याने मागायला गेले तर थर विचारले, आणि मग घर 'आधीच दिले गेले'. त्याच्या आजोबांनी वरच्या जातीला नमस्कार म्हणायचा नसे; 'जदौ' म्हणायचे. आम्ही त्याला म्हटले, आमच्याकडे तो शब्द 'जोहार' होता. "मग आता काय म्हणता?" त्याने विचारले. आम्ही सांगितले. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

आम्ही दोघांनी आपापला चहा उचलला आणि पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. बोललो काही नाही; पाहुणे होतो. देशाने ज्यांना कागदावरून बाहेर काढले, त्यांनीच पुढे थर विचारावे, याचा राग आला. आणि त्याच माणसाची १९५७ ची पावती आठवून राग पुरता टिकेनाही. दोन्ही खरे आहे. थोड्या वेळाने बाजे बाहेर आले आणि वरच्या पायरीवर बसले. मिरचीला यंदा कीड कशी लागली, त्याविषयी त्या मित्राशी बोलू लागले. एवढेच झाले. अधिक झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. अमेरिकेत सिएटल शहराने २०२३ च्या फेब्रुवारीत जातिभेदाला कायद्याने बंदी केली. ॲक्रनला तसा कायदा आम्हाला कोणी सांगितला नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली, तीही लिहितो. ज्या राजसत्तेने या लोकांना काढले ती बौद्ध आहे. आपल्या कितीतरी घरांत भूतानच्या विहारांची चित्रे दिनदर्शिकेवर आहेत. सुखाचे मोजमाप करणारा देश म्हणून त्याचे कौतुकही आपण करतो. बाहेर काढलेल्यांत बहुसंख्य हिंदू होते हे खरे, पण तमांग, गुरुंग अशी बौद्धही होती; त्यांनाही पावती मागितली गेली. ज्या दक्षिण सीमेवरून ही माणसे निघाली, तिथल्याच गेलेफूला भूतानच्या राजाने २०२३ च्या डिसेंबरात मोठे नवे शहर उभारण्याची घोषणा केली आहे. इंग्रजीत त्याच्या नावात सजगतेचा शब्द आहे. बुद्धाच्या शिकवणीतलाच. भूतानच्या सहलीला जाणाऱ्या आमच्या बांधवांनी तिथल्या मार्गदर्शकाला चिराङच्या संत्र्यांच्या बागा कोणी लावल्या, एवढे विचारून पाहावे.

आमच्या मुक्कामात त्या घरात एक भीती सारखी वावरत होती. २०२५ च्या मार्चपासून अमेरिकेने काही भूतानी निर्वासितांना पकडून विमानाने भूतानला पाठवायला सुरुवात केली आहे. ज्यांच्यावर कधीकाळी गुन्हा शाबित झाला आणि जे नागरिक झाले नव्हते असे लोक. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही. भारताच्या हद्दीवर आणून सोडले. तिथून काही जण नेपाळात पोचले, आणि नेपाळने त्यांना बेकायदा प्रवेशाबद्दल धरले. त्यांच्यासाठी काठमांडूच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले आणि त्यांना ठेवले गेले ते बेलडांगीच्या छावणीत. म्हणजे पस्तीस वर्षांनी पुन्हा तोच रस्ता, तीच मेची नदी, तीच छावणी. वस्तीतली माणसे रात्री फोनवर हेच बोलत होती. बाजे नागरिक आहेत, घरातले सगळेच आहेत. तरी पिशवी पलंगाखालून उशाशी आली आहे.

निघताना आजीने मुलाच्या आईला लाल मिरच्या दिल्या, झिपच्या पिशवीत भरून. विमानात नेता येणार नाहीत हे तिला सांगितले नाही. गाडी सुरू झाली तसे बाजे नुसत्या मोज्यांनी अंगणात आले, काचेवर टकटक केली आणि आम्हाला विचारले, "पासपोर्ट जवळ आहे ना?" आमचे पासपोर्ट कोलंबसला कपाटात होते. मुलाने मोबाइलवर त्यांचे फोटो दाखवले. बाजेंनी मान हलवली. फोटो नको, कागद. कुठेही जाताना कागद जवळ पाहिजे. मुलाने कबूल केल्यावरच त्यांनी काचेवरचा हात काढला.

कोलंबसला आल्यावर मिरच्या मुलाच्या फ्रिजमध्ये गेल्या. ती रिकामी पिशवी मुलाच्या आईने धुतली, पुसली आणि आमचे दोन्ही पासपोर्ट तिच्यात ठेवले. धुऊनही तिला मिरचीचा वास आहे. नागपूरला परत येताना विमानतळावरच्या शिपायाने पासपोर्ट उघडला, आणि त्याला शिंक आली.